ओतीव बिल्ला

धर्मेंद्र ढोकेला आयुष्यात पहिल्यांदा कोणी ‘सर’ म्हटलं ते ऑक्टोबरातल्या एका रविवारी, आणि त्याच दुपारी त्याने एका म्हातारीच्या बापाला पलटणीतून काढून टाकलं. बाप मरून चाळीस वर्षं झाली होती. काढणारा ना कर्नल होता ना सुभेदार. हिंगण्याच्या एका कारखान्यात पंधरा वर्षं पत्रा ठोकायची प्रेस चालवणारा माणूस, सकाळच्या शिफ्टला डबा घेऊन मोटरसायकलने जाणारा. पण त्या दिवशी विहाराच्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि एवढी माणसं बघायला लागली की माणूस स्वतःला काय समजेल याचा भरवसा नाही.

बिल्ल्यांचा नाद त्याला दोन वर्षांपूर्वी लागला. आजोबांच्या पेटीत एक पितळी बिल्ला सापडला. मधे कोरेगावचा स्तंभ, खाली इंग्रजीत ‘महार’. आजोबा एक्केचाळीस सालानंतरच्या भरतीतले, एवढंच घरात माहीत होतं. धर्मेंद्रला वाटलं, असे आणखी मिळाले तर जमवावे. मोबाईलवर शोधलं आणि पहिल्याच फटक्यात फसला. कोणा दिल्लीवाल्याने ‘इंग्रजांच्या तोफखान्याचा, शंभर वर्षं जुना’ म्हणून एक काळाकुट्ट बिल्ला पाठवला. त्याच्या बायकोने, कामिनीने, भांडी घासता घासता त्यावर अर्धं लिंबू फिरवलं. बिल्ला लग्नातल्या समईसारखा पिवळा झाला.

‘काहून गा,’ ती म्हणाली, ‘शंभर वर्षांचा मळ एका लिंबात गेला?’

पुढचा महिनाभर घरात लिंबू चिरलं की ती त्याच्याकडे बघून हसायची.

या फसगतीतून तो रामदासपेठेत डॉक्टर मनोहरराव देशकरांकडे पोचला. हाडांचे डॉक्टर, आता निवृत्त. तीस वर्षं बिल्ले, पट्ट्याची बक्कलं, खांद्यावरची पितळी अक्षरं जमवत आलेले. काचेची चार कपाटं भरलेली. एक्स-रे धरावा तसा ते बिल्ला दिव्यासमोर धरायचे.

‘पाठ आधी, तोंड नंतर,’ हा त्यांचा पहिला धडा. ‘तोंड कोणीही रंगवतं. ठोकीव बिल्ला असेल तर पुढचं चित्र मागे उलटं उमटतं, पत्रा सगळीकडे सारखा पातळ. ओतीव असेल तर पाठ जुन्या तव्यासारखी खरबरीत. कडेला कानशीचे ओरखडे दिसले तर समज, ओतल्यावर कोणीतरी घासून साफ केलाय. आणि खरा मळ खोलगट जागी बसतो, उंच भाग घासून उजळलेला असतो. सगळीकडे सारखा काळा म्हणजे बाटलीतला काळा.’

धर्मेंद्रला हे शिकवावं लागलंच नाही. चाळीस टनांचा घाव एकदा पत्र्यावर पडला की डाईमध्ये, म्हणजे ठशात, असेल ते आणि तेवढंच उमटतं, हे तो रोज आठ तास बघत होता. ओतकाम म्हणजे त्याच्या लेखी शेजारच्या शेडमधलं काम. बुडबुडे, खड्डे, दर शंभरात पंधरा रिजेक्ट. प्रेसवाल्यांना फाउंड्रीवाल्यांबद्दल जी एक तुच्छता असते ती त्याच्या हाडात होती. डॉक्टरांनी फक्त त्या तुच्छतेला नवा उपयोग दाखवला.

डॉक्टर त्याला ‘आमचा धर्मेंद्र’ म्हणायचे. आणि निघताना न चुकता सांगायचे, ‘तुमच्या वस्तीत कोणाकडे काही निघालं तर आधी मला दाखव. लोकांना किंमत नसते, भंगारात घालतात.’ त्यातलं ‘तुमच्या वस्तीत’ धर्मेंद्रला ऐकू यायचं. पण कपाटाची काच उघडून डॉक्टर एखादा बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवायचे, आणि मग ते ऐकू येणं बंद व्हायचं.

त्या वर्षी कामठी रोडवरच्या त्यांच्या वस्तीने ठरवलं की विहाराच्या अंगणात एक दगड बसवायचा. दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेलेल्या वस्तीतल्या जवानांची नावं त्यावर. एक जानेवारीला अनावरण. समितीचे अध्यक्ष नत्थूजी, शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, कडक माणूस. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, ‘पुरावा पायजे. कागद नाही तं बिल्ला. आपल्या इतिहासाले लोक आधीच नाकं मुरडून राहिले. उद्या कोणी म्हणलं का यांनी खोटे नावं घुसवले, तं सगळा दगड खोटा. आपल्यावर कोणी बोट ठेवाले नाही पायजे.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांच्याकडे कधी कोणी कागद ठेवू दिले नाहीत, त्यांनी आपल्याच माणसांकडे कागद मागितले. आणि ते कुणाला वावगंही वाटलं नाही.

सात जणांचे कागद निघाले. चौघांचे फक्त बिल्ले होते, त्यात धर्मेंद्रच्या आजोबांचा एक. ते चार तपासायला जाणकार म्हणून धर्मेंद्रलाच बसवलं, आणि नत्थूजी माईकवर म्हणाले, ‘आता धर्मेंद्र सर सांगतील.’

चारही ठोकीव निघाले. पाठी स्वच्छ, कडा धारदार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धर्मेंद्रने स्वतःच्या आजोबांनाही स्वतःच पास केलं, पण बिल्ला खराच होता, कोणी बोललं नाही.

मग मागच्या रांगेतून मनकर्णाबाई उठल्या. मनकर्णाबाई गणवीर, पंचाहत्तरीच्या, जन्मभर बिड्या वळून बोटं आकड्यासारखी वाकलेली. त्यांचा बाप चंद्रभान लोणारे. लढाईत भरती झाला, लढाई संपल्यावर पेन्शनीविना घरी पाठवला, पुढे मालधक्क्यावर हमाली करत मेला. कागद एका पुरात झोपडीसकट गेले. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या, धाप लागत सांगितलं आणि पदराची गाठ सोडली. पांढऱ्या फडक्यातून बिल्ला निघाला. तोच स्तंभ, तीच अक्षरं, पण चेहरा घासून घासून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.

धर्मेंद्रने आधी पाठ पाहिली. खरबरीत. रेतीचे बारीक खड्डे. कडेला कानस. पत्रा नव्हताच, जाड ओतीव पितळ. त्याच्या आत काहीतरी सुखावलं. ओळखलं.

आणि त्याच वेळी त्याला दुसरंही काही दिसलं. बिल्ला टोपीला अडकवायला मागे दोन कान असतात, त्यातून पिन जाते. त्यातला एक कान आतल्या बाजूने झिजून दोऱ्याएवढा उरला होता. पिन रोज घालून, रोज काढून, वर्षानुवर्षं. नकली माल बनवणारा तोंड झिजवतो, पाठीला काळं फासतो. कानाच्या भोकात आतून झीज कोण करत बसतं? कोणाला सुचणार ते?

एक श्वासभर त्याने ते पाहिलं. कान बोटाने चाचपलासुद्धा.

‘बोला, सर,’ नत्थूजी म्हणाले.

‘ओतीव आहे,’ धर्मेंद्र म्हणाला. ‘पलटणीचा बिल्ला ठोकीव असतो. हा नकली आहे.’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘बुढा तं साहेबाच्या बंगल्यावर पाणी भरे म्हणतात.’ दोघं-तिघं हसले. फार मोठ्याने नाही, पण हॉल लहान होता.

‘मी सोता पायलं हाय गा,’ मनकर्णाबाई म्हणाल्या. ‘दर चौदा एप्रिलले बाप चिंच आन राख घेऊन घासत बसे. आमाले हात लावू नाही दे.’

‘घासला म्हणून असली होत नाही, माय,’ धर्मेंद्र म्हणाला.

हे वाक्य त्याला तेव्हा फार चांगलं जमल्यासारखं वाटलं. त्याने ते दोन दिवसांनी डॉक्टरांनाही चहा पिताना ऐकवलं, हसत. डॉक्टरही हसले. मग साखर ढवळता ढवळता म्हणाले, ‘कुठे राहते म्हणालास ही बाई?’ धर्मेंद्रने सांगितलं. विहाराच्या मागची गल्ली, हातपंपाजवळ.

डिसेंबरच्या मधल्या रविवारी तो पुन्हा रामदासपेठेत गेला तेव्हा तिसऱ्या कपाटात, मधल्या फळीवर, निळ्या मखमलीवर तो बिल्ला होता. उलटा ठेवलेला. पाठ वर. कानावर मुद्दाम प्रकाश पडेल असा. खाली टाईप केलेली चिठ्ठी: ‘बाजारी ओतकाम, सुमारे १९४२. अतिशय दुर्मीळ.’

धर्मेंद्रला आधी वाटलं दुसरा असेल. मग तो दोऱ्याएवढा कान दिसला.

‘हा नकली आहे न, डॉक्टरसाहेब?’

‘कोणी सांगितलं?’

‘तुम्हीच. ओतीव म्हणजे…’

‘मी तुला पहिला धडा सांगितला,’ डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. ‘तुला तो शेवटचा वाटला. अरे, लढाईच्या काळात नवी पलटण उभी राहिली की ठोकीव बिल्ले यायला वेळ लागायचा. जहाजं बुडत होती, डाई कुठून येणार? मग छावणीच्या बाजारातल्या ओतारीला नमुना द्यायचा, तो रेतीत दाबून शंभर-दोनशे ओतून द्यायचा. जवान तेच लावायचे. नंतर ठोकीव आले की हे वितळवले. म्हणून उरले नाहीत. ठोकीव तुला पैशाला पासरी मिळतील. हा मी तीस वर्षांत पहिला पाहतोय.’

‘मग मला काहून नाही सांगितलं?’

‘तू विचारलंस कुठे? तू तर निकाल देऊन आला होतास. भर सभेत.’

‘तुम्ही तिला सांगितलं का, असली आहे म्हणून?’

‘तिने विचारलं नाही.’ डॉक्टरांचा आवाज अजिबात चढला नाही. आयुष्यभर लोकांना पाय कापावा लागेल म्हणून सांगितलेला आवाज. ‘मी बाईला म्हटलं, मला आवडला, देता का? तिने दिला. मी जे दिलं ते तिला जास्तच वाटलं असणार. नकली वस्तूचं कोण देतं?’

धर्मेंद्रला त्या माणसाला काचेसकट कपाटात कोंबावंसं वाटलं. पण तो काहीच करू शकत नव्हता, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरने फक्त दार उघडं दिसलं म्हणून आत पाय टाकला. दार धर्मेंद्रने उघडून दिलं होतं, पत्त्यासकट.

‘बरं झालं आलास,’ डॉक्टर म्हणाले. ‘माझं एक काम कर. वस्तू कोणाच्या घरातून आली याचा कागद असला की तिला वजन येतं. बाईची सही आण. हा बिल्ला माझे वडील शिपाई चंद्रभान लोणारे यांचा, एवढंच लिहायचं. मी पण लिहून देतो की बिल्ला अस्सल आहे. तुमच्या त्या दगडालाही उपयोग होईल. दोघांचं काम होतं.’

धर्मेंद्र तिथून सरळ विहारात नत्थूजींकडे गेला. दगड कोरून आला होता, अंगणात गोणपाटाखाली आडवा पडला होता. अकरा नावं, खाली एका ओळीची जागा शिल्लक. धर्मेंद्रने सगळं सांगितलं. फक्त झिजलेला कान त्याला तेव्हाच दिसला होता, ते सोडून.

नत्थूजींनी गोणपाट उचलून मोकळी ओळ पाहिली. मग म्हणाले, ‘तू मले एक सांग. तू चार बिल्ले असली म्हणला, एक नकली म्हणला. आता म्हणतं का नकली तो असली. मंग ते चार?’

‘ते असलीच आहेत, नत्थूजी.’

‘तुह्या जिभेवर? तीच जीभ न? लोकाईले काय सांगू मी? का आमचा जाणकार एका बाईत चुकला, बाकी चारात नाही चुकला? त्यात तुह्या आज्याचंबी नाव हाय, बावा. उद्या कोणी म्हणलं का आपला आजा घुसवला आन म्हातारीचा बाप काढला, तं?’

धर्मेंद्रने गोणपाट पुन्हा दगडावर ओढलं.

‘चूप राहाय सभेत,’ नत्थूजी म्हणाले. ‘डॉक्टरचा कागद आन. बाईची सही आन. कागद आला तं तुह्यं नाव नाही घेत मी. नवीन पुरावा भेटला म्हणतो, ओळ कोरून घेतो. तुह्यी इज्जत राहाते, दगडाचीबी.’

म्हणजे सगळ्यांचं भलं होत होतं. डॉक्टरला वजन, दगडाला बारावं नाव, धर्मेंद्रला इज्जत. एका सहीत.

पुढच्या रविवारी सकाळी तो डॉक्टरच्या लेटरहेडवरचा कागद घेऊन हातपंपाजवळच्या घरी गेला. मनकर्णाबाई चुलीपाशी नव्हत्या, गॅसच्या शेगडीसमोर बसून तांदूळ निवडत होत्या. शेगडीवर नवाकोरा कुकर.

‘ये,’ त्या म्हणाल्या. ‘जय भीम. हे पाय, तुह्या डॉक्टरचा कुकर. मले वाटलं येडा हाय बुढा. नकली मालाचे एवढे देते?’

‘आजी, तो नकली नव्हता.’

त्यांचा हात तांदळात थांबला. धर्मेंद्रने सगळं सांगितलं. ओतारी, रेती, बाजार, जहाजं. कागद वाचून दाखवला. सही कुठे करायची ती जागा दाखवली. वाईट वाटतं म्हणाला. नाव दगडावर येईल म्हणाला, नत्थूजींनी शब्द दिलाय म्हणाला. तो बोलतच होता, कारण थांबलं की त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

‘माह्या बापाचं नाव दगडावर घालाले रामदासपेठच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते?’ मनकर्णाबाई म्हणाल्या.

‘तसं नाही, पण पुरावा…’

‘त्या दिवशी मी होतो न पुरावा. उभी होतो न मी. पंच्याहत्तर वर्साची.’

कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बारीक केला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

‘एक सांग. खरं सांगजो. त्या दिवशी तू बिल्ला उलटा करून लई वेळ पाहात होता. बोट फिरवत होता कानावर. मी तुह्या तोंडाकडे पाहात होतो. तुले काही दिसलं होतं?’

खोटं बोलायला जागा होती. तिला कान आणि पिन यातलं काही कळत नव्हतं, असं तो स्वतःला सांगू शकला असता. पण ज्या बाईने चौदा वर्षांची असल्यापासून दिवसाला हजार बिड्या वळल्या, तिला बोट एखाद्या वस्तूवर का अडतं हे कळत नाही, असं कोण म्हणेल?

‘हाव,’ धर्मेंद्र म्हणाला. ‘दिसलं होतं. कान झिजलेला होता. मले वाटलं का… थांबावं. पण सगळे पाहून राहिले होते.’

मनकर्णाबाईंनी सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला.

‘लोक हसले तवा तू चूप होता,’ त्या म्हणाल्या. ‘माह्या बापाले पाणक्या म्हणले तवा चूप होता.’

‘हाव.’

‘मंग हा कागद नको मले.’ त्यांनी डॉक्टरचं लेटरहेड त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. ‘दुसरा लिवून आन. तुह्या हातानं. का मी धर्मेंद्र ढोके, मले दिसलं होतं आन मी चूप बसलो, कारण मले सर म्हणत होते. हे लिव. एक जानेवारीले माईकवर वाच, सगळ्याइसमोर, जिथं हसले तिथं. मंग तू जिथं म्हणशीन तिथं सही करतो मी. डॉक्टरच्या कागदावरबी करतो. माह्या बापाचं नाव त्यानंतर लिवजा.’

‘लिहितो, आजी.’

‘लिव.’ त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. ‘चाय घेतं का?’

त्याने चहा घेतला नाही.

घरी येऊन त्याने लिहायला घेतलं, हे खोटं नाही. मुलाच्या वहीचं पान फाडून ‘मी धर्मेंद्र ढोके’ एवढं लिहिलं. कामिनीने विचारलं, काय करून राहिले? तो म्हणाला, भाषण. मग त्याला आजोबांचं नाव आठवलं, दगडावरच्या नवव्या ओळीत कोरलेलं. उरलेल्या तिघांची घरं आठवली, त्यांची पोरं, त्यांची तोंडं. नत्थूजी माईक हिसकावून घेतील, असंही त्याने स्वतःला सांगितलं. मोठी मोठी कारणं होती, एकापेक्षा एक भारी, समाजाच्या भल्याची. त्या ढिगाच्या तळाशी एक चिमूटभर कारण होतं, पण ते त्याने उकरून पाहिलं नाही.

सोमवारी तो शिफ्टला गेला. मंगळवारी गेला. डॉक्टरांचा दोनदा फोन आला, त्याने उचलला नाही.

एक जानेवारीला अंगणात निळे झेंडे, खुर्च्या, लाऊडस्पीकर. नत्थूजींनी गोणपाट ओढून काढलं. अकरा नावं, खाली एक ओळ मोकळी. कोणी विचारलं ती ओळ कशाला, तर नत्थूजी म्हणाले, पुढं कोणी निघालं तर. मनकर्णाबाई आल्या होत्या. पुढच्या रांगेत बसल्या होत्या, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, हातात काहीही नाही.

‘आता पुरावे तपासणारे आपले धर्मेंद्र सर,’ नत्थूजी माईकवर म्हणाले, ‘यांचा सत्कार.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धर्मेंद्र उठला. मंचावर जायला चार पायऱ्या होत्या, माईक तिथेच उभा होता, चालू. मनकर्णाबाई त्याच्याकडे बघत होत्या. रागाने नाही. रेशनच्या रांगेत नंबराची वाट बघावी तसं.

नत्थूजींनी शाल त्याच्या खांद्यावर घातली. नारळ दिला. धर्मेंद्रने दोन्ही हातांनी घेतला, वाकून सगळ्यांना जय भीम केला आणि खाली येऊन आपल्या खुर्चीवर बसला.